गॅदरिंग, भजन, एकांकिका: स्टेजवरच्या कार्यक्रमासाठी कॅमकॉर्डर कसा निवडावा

शाळेचं गॅदरिंग, सोसायटीच्या गणपतीतले कार्यक्रम, भजनाची स्पर्धा, कॉलेजची एकांकिका, कोकणातल्या जत्रेतला दशावतार. शूटिंग करणाऱ्याला या सगळ्यांत त्याच त्या अडचणी येतात. कॅमेरा स्टेजपासून लांब असतो, उजेड तोकडा तरी असतो नाहीतर एकाच जागी रोखलेला, आणि कार्यक्रम तासन्‌तास चालतो. घरगुती कॅमकॉर्डर आता बाजारात मोजकेच उरलेत, पण या कामाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं यंत्र मला दिसत नाही. मंडळाचे कार्यकर्ते, शिक्षक, पालक, नाटकवेडी मुलं, ज्यांना असा कॅमेरा पहिल्यांदाच घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुकानात पाऊल ठेवलं की पहिला शब्द कानावर येतो ‘४के’, म्हणजे चित्र किती बारीक बिंदूंचं, त्याचं माप. तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी अंतर, उजेड, आवाज आणि सलग चालण्याची ताकद.

फोनवर भागतंय का, ते आधी पाहा

तीन-चार मीटरवरून, चांगल्या उजेडात, पाच-दहा मिनिटांचं काही टिपायचं असेल तर खिशातला बरा फोन पुरतो. बारसं, वाढदिवस, सहल यांसाठी वेगळा कॅमेरा घेऊ नका. फिरता फिरता शूटिंग करायचं असेल तर डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ सारखा छोटा कॅमेरा चांगला. त्यात एक इंची सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आहे आणि हात हलला तरी चित्र स्थिर राहतं. पण त्याला ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणारा, झूम नाही, त्यामुळे नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून तो कामाचा नाही.

मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या, कॅमेऱ्याचं चित्र कमी उजेडात कॅमकॉर्डरपेक्षा सरस येतं, हे खरं. अडचण लेन्सची आहे. वीस मीटरवरून नटाचा चेहरा जवळ आणणारी लेन्स मोठी, जड आणि महाग असते, आणि हाताने फिरवायचा झूम चालू शूटिंगमध्ये धक्के देतो. जुन्या मिररलेस आणि डीएसएलआर कॅमेऱ्यांत एक टेक २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर आपोआप थांबतो. याचं मूळ युरोपातल्या जकातीत आहे: तिथे अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेऱ्यात मोजला जायचा आणि त्यावर जास्त कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी मर्यादाच घालून ठेवली. नव्या बऱ्याच मॉडेल्समधून ती गेली आहे, पण सेकंडहँड घेताना विचारून घ्या. नाटकाचा पहिला अंक तासाभराचा असतो.

कॅमकॉर्डर बनतो तोच या कामासाठी. लांब पल्ल्याचा झूम त्याच्या अंगचाच असतो, बोटाखालच्या पट्टीने तो हळू-जलद सरकतो, आणि कार्डात जागा व बॅटरीत जीव असेपर्यंत तो चालत राहतो.

अंतर मोजा, मग झूम निवडा

डब्यावरच्या ‘२०एक्स’, ‘३०एक्स’ या आकड्यांची थेट तुलना करू नका. लेन्सचं सर्वात रुंद टोक आणि सर्वात लांब टोक यांचं ते नुसतं गुणोत्तर आहे. खरी माहिती ‘३५ मिमी समतुल्य फोकल लांबी’ या आकड्यात असते: तो लहान तितकी जास्त रुंदी दिसते, मोठा तितकं लांबचं जवळ येतं. तुम्हाला ती किती लागेल हे कागदावर काढता येतं:

फोकल लांबी = ३६ × अंतर ÷ चौकटीत हवी असलेली रुंदी

अंतर आणि रुंदी दोन्ही मीटरमध्ये घ्यायची. उत्तर साधारण मिलिमीटरमध्ये येतं.

समजा कॅमेरा स्टेजपासून २० मीटरवर आहे आणि स्टेज १० मीटर रुंद. पूर्ण स्टेज दिसायला ३६ × २० ÷ १० म्हणजे ७२ मिमी पुरे. संवाद बोलणारी दोन पात्रं हवीत, म्हणजे ४ मीटर रुंदी धरा, तर १८० मिमी. एकच पात्र कमरेपासून वर हवं असेल तर चौकट साधारण १.६ मीटर रुंद लागते, म्हणजे ४५० मिमी. आता यंत्रांशी ताडून बघा. फोनची ‘५एक्स’ लेन्स बहुधा १२० मिमीच्या आसपास असते. वीस मीटरवरून तिला ६ मीटर रुंदी दिसणार, चेहरे बारीकच राहणार. सोनी एफडीआर-एएक्स४३ या कॅमकॉर्डरचा पल्ला २६.८ मिमीपासून २० पट, म्हणजे ५३६ मिमीपर्यंत. तुमचं काम त्यात आरामात बसतं. त्याच कंपनीच्या बऱ्याच महाग एएक्स७०० चा झूम २९ मिमीपासून १२ पट, म्हणजे ३४८ मिमी. त्यात त्याच जागेवरून साधारण दोन मीटर रुंदीची चौकट मिळते: पात्र मांडीपासून वर दिसेल, निव्वळ चेहरा मिळणार नाही. महाग यंत्र तुमच्या हॉलला योग्य असेलच असं नाही, हे या एका हिशेबाने कळतं.

तेव्हा आधी हॉलमध्ये जा. कॅमेरा जिथे ठेवू देतील तिथपासून स्टेजच्या कडेपर्यंत पावलं टाकून अंतर काढा आणि वहीत लिहा.

दुसरं टोकही बघायचं. घरातल्या सत्यनारायणाला किंवा हळदीला मागे सरकायला जागा नसते. २६.८ मिमीच्या लेन्सला तीन मीटरवरून चार मीटर रुंदी दिसते, म्हणजे दिवाणखान्याची समोरची भिंत बहुतेक सगळी. कॅसेटच्या जमान्यातल्या अनेक कॅमकॉर्डरांचं रुंद टोक ४० मिमीच्या पुढे असायचं. त्यांच्यात पाहुणे कापले जायचे.

डिजिटल झूम मेन्यूत जाऊन बंदच करा. त्यात फक्त चित्राचा मधला तुकडा कापून फुगवलेला असतो.

आणि ट्रायपॉड. ४५० मिमीवर हातात धरलेला कॅमेरा श्वासाबरोबरही हलतो. ऑप्टिकल स्टॅबिलायझर (थरथर सावरणारी लेन्समधली सोय) कितीही चांगला असला तरी दोन तासांच्या नाटकाला तो पुरणार नाही. फोटोच्या स्वस्त ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवताना अडकतो आणि मग झटक्याने सुटतो. व्हिडिओसाठी ‘फ्लुइड हेड’चा, म्हणजे वरचा भाग संथ आणि सलग फिरणारा, ट्रायपॉड घ्या. माझं मत विचाराल तर दर पाच हजारांतले चार हजार कॅमेऱ्यावर घाला, पण एक हजार ट्रायपॉडसाठी राखून ठेवाच.

उजेड

सेन्सर जितका मोठा तितका तो जास्त उजेड गोळा करतो. अगदी सुरुवातीच्या किमतीच्या कॅमकॉर्डरांत १/५.८ इंची सेन्सर असतो, मधल्या पट्ट्यात १/२.५ किंवा १/२.३ इंची, आणि वरच्या पट्ट्यात १ इंची. आकडे जवळजवळ वाटतात, पण क्षेत्रफळ बघा: एक इंची सेन्सर मधल्याच्या चार-पाच पट आणि सर्वात लहानाच्या पंचवीस पटींहून मोठा आहे. लहान सेन्सरमध्ये अंधुक उजेडात चित्रभर दाणे नाचतात, काळा पडदा करडा दिसतो.

फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट इथे आहे. झूम पूर्ण ताणला की लेन्स आत कमी उजेड सोडते. एएक्स४३ ची लेन्स रुंद टोकाला एफ २ आणि लांब टोकाला एफ ३.८ आहे (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी). म्हणजे पूर्ण झूमवर सेन्सरला मिळणारा उजेड साडेतीन पटींहून जास्त घटतो. म्हणून मधल्या रांगेत जागा मिळत असेल तर मागच्या भिंतीशी बसू नका. त्या आठ-दहा मीटरांनी जो फरक पडतो तो कधी कधी हजारो रुपयांच्या कॅमेऱ्यानेही पडत नाही.

माहितीपत्रकातला ‘किमान लक्स’ (किती कमी उजेडात कॅमेरा चालतो) हा आकडा मात्र सोडून द्या. तो प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, आणि तेवढ्या उजेडात आलेलं चित्र बघवेल याची खात्री त्यात नसते.

स्टेजवरची खरी परीक्षा अंधाराची नसते, तफावतीची असते. डोळ्यांसमोर आणा: मागे काळा पडदा, मधोमध एक स्पॉट, त्यात पांढऱ्या सदऱ्यातला नट. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा सगळ्या चौकटीचा अंदाज घेतो, त्याला बहुतेक काळंच दिसतं, म्हणून तो उजेड वाढवतो. नटाचा चेहरा पांढराफटक होतो. आधी कपाळ जातं, मग नाक, मग भुवया. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके राहतात. सदऱ्याच्या चुण्या नाहीशा होतात. असं जळालेलं चित्र नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. दशावतारात पूर्वरंगात काळ्या वेशातला संकासुर पुढे आला की हेच होतं आणि शेजारचा भटजी पांढरा पडतो.

त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घ्यायचा उजेड, हाताने कमी-जास्त करता येतं का, हा प्रश्न विकत घेताना ४के पेक्षा महत्त्वाचा आहे. निदान ‘स्पॉटलाइट’ मोड किंवा पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड ठरवण्याची सोय हवी. कॅमेऱ्यात ‘झेब्रा’ असेल तर उत्तम: जो भाग जळायच्या बेतात आहे तिथे तिरके पट्टे दिसतात, ते चेहऱ्यावरून जाईपर्यंत एक्स्पोजर खाली आणायचं. चित्र जरा काळसर आलेलं चालतं.

फोकसचंही तसंच. प्रवेश संपून अंधार झाला की ऑटोफोकस चाचपडायला लागतो आणि दिवे आल्यावर पहिले दोन-तीन सेकंद सगळं धूसर. नटाच्या चेहऱ्यावर फोकस घेऊन तिथेच लॉक करता आला पाहिजे. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी) पण लॉक करा, नाहीतर निळ्या दिव्याच्या प्रवेशात कॅमेरा तो निळा रंग ‘सुधारायला’ जातो आणि प्रकाशयोजना करणाऱ्याची मेहनत वाया जाते.

आवाज: इथे तडजोड नको

चित्र थोडं मऊ असलं तरी लोक बघतात. संवाद कळला नाही की दोन मिनिटांत बंद करतात. म्हणून मी तरी माइकची पिन घालायची जागा नसलेला कॅमकॉर्डर स्टेजच्या कामाला घेऊ नका असंच सांगेन. दोन छिद्रं शोधा, दोन्ही ३.५ मिमीची: एक माइकसाठी, एक हेडफोनसाठी. हेडफोनचं छिद्र बरेच जण विसरतात. आवाज येतोय की नाही, त्यात घरघर आहे का, हे कानाने ऐकल्याशिवाय कळत नाही. पडद्यावर हलणाऱ्या पट्ट्या घरघरीलाही हलतात.

कॅमेऱ्यावरचा माइक वीस मीटर लांब असतो. त्याला नटाच्या आवाजापेक्षा हॉलचा घुमारा, शेजारच्यांची कुजबुज आणि पंख्याची घरघर जास्त ऐकू येते. त्यात ऑटो लेव्हल: कलाकार क्षणभर थांबला की कॅमेरा आवाज वाढवत नेतो, शांतता सळसळायला लागते, आणि टाळ्या पडल्या की तोच आवाज दाबून टाकतो. टाळ्यांनंतरचे पहिले शब्द त्यात बुडतात. म्हणून माइकची लेव्हल हाताने ठरवता येते का, ते बघा.

उपाय दोन आहेत. पहिला, साउंडवाल्याला भेटून मिक्सरचा ‘रेकॉर्ड आउट’ मागायचा. इथे नवखे फसतात. मिक्सरमधून येणारा सिग्नल (त्याला ‘लाइन’ म्हणतात) साधारण एक व्होल्टच्या घरातला असतो आणि कॅमेऱ्याच्या माइकचं छिद्र काही मिलिव्होल्टची अपेक्षा करतं. सरळ वायर जोडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मध्ये सिग्नल कमी करणारी वायर किंवा ‘पॅड’ लावावा लागतो. ज्यांना हे काम नेहमी करायचंय त्यांनी एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या) जोडण्या असलेला कॅनन एक्सए मालिकेसारखा कॅमेरा बघावा. त्यात लाइन आणि माइक असा खटकाच असतो.

दुसरा उपाय मला नवख्यांसाठी जास्त भरवशाचा वाटतो. लाइन-इन असलेला छोटा ऑडिओ रेकॉर्डर मिक्सरला स्वतंत्र जोडा, कॅमेऱ्याचा माइक टाळ्या आणि हशा घेण्यासाठी चालू ठेवा, आणि घरी कॉम्प्युटरवर दोन्ही जुळवा. कार्यक्रमाआधी स्टेजवर एक मोठी टाळी वाजवून घेतली की जुळवायला खूण मिळते. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन यंत्रांची घड्याळं किंचित सरकतात, तेव्हा प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला टाळी वेगळी.

भजनात माइक टाळकऱ्यांच्या तोंडासमोर नको. टाळांचा तीक्ष्ण आवाज आधी फाटतो आणि बुवांचा गळा मागे राहतो. मैदानात कार्यक्रम असेल तर माइकवर केसाळ फर घाला. स्पंजचं टोपण वाऱ्याला पुरत नाही.

आता ४के

४के चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीत २१ लाख. स्टेजच्या कामात याचा एक खरा फायदा आहे: एकट्याने शूटिंग करताना थोडी सैल चौकट ठेवायची आणि नंतर त्यातून अर्ध्या रुंदीचा तुकडा कापून पूर्ण फुल एचडीचा क्लोजअप काढायचा. हे करणार नसाल आणि व्हिडिओ लोकांच्या फोनवरच बघितला जाणार असेल, तर चांगल्या सेन्सरचा, चांगल्या आवाजाचा फुल एचडी कॅमेरा पुष्कळ झाला.

४के चा खर्च कार्डात दिसतो. सेकंदाला १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी खातं. तीन तासांच्या नाटकाला १३५ जीबी, म्हणजे २५६ जीबीचं कार्ड आणि घरी तेवढी जागा. ५० मेगाबिटच्या फुल एचडीला याच्या निम्मं लागतं. एव्हीसीएचडी या जुन्या पद्धतीत, तिच्या २८ मेगाबिटच्या वरच्या दर्जावरही, तासाला तेरा जीबीच्या आतच काम होतं.

कार्डावर ‘व्ही३०’ किंवा इंग्रजी यू अक्षरात ३ अशी खूण बघा: सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी आहे, आणि १०० मेगाबिटला साडेबारा लागतात (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट). कार्ड अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. नकली कार्डं आकडा मोठा दाखवतात आणि खरी जागा भरली की पुढचं रेकॉर्डिंग हरवतात. अनेक कॅमेरे लांब टेकचे ४ जीबीचे तुकडे करतात. तो बिघाड नाही, एडिटिंगमध्ये ते सलग जोडता येतात.

अमेरिकेहून मागवण्याआधी

भाचा न्यू जर्सीहून येतोय, तिकडे स्वस्त आहे, त्यालाच आणायला सांगू, हा विचार घराघरांत होतो. दोन गोष्टी लक्षात घ्या. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, तिकडे ६० ची. आपल्याकडचे ट्यूबलाइट आणि अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तिकडचा कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं (फ्रेम) घेतो आणि शटर, म्हणजे एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ, बहुधा १/६० सेकंद धरतो, ते या चढउताराशी जुळत नाही आणि चित्रात लपलप किंवा सरकते पट्टे येतात. शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर ठेवता आलं तर बहुतेक वेळा हे जातं. पण घरगुती कॅमकॉर्डरांत पाल (आपली ५० ची पद्धत) आणि एनटीएससी (तिकडची ६० ची) यांत बदलण्याची सोय सहसा नसते आणि स्वस्त मॉडेलांत शटरही हातात नसतं. दुसरी गोष्ट वॉरंटीची: ती इथे चालेल का, हे कंपनीच्या भारतातल्या सेवाकेंद्रालाच विचारा. उलट, तिकडे राहून तिकडच्या मंडळाचे कार्यक्रम टिपणाऱ्यांनी इथून कॅमेरा नेऊ नये. त्यांना १/६० चं शटर लागेल.

नव्या एलईडी दिव्यांची लपलप वेगळ्या कारणाने होते, तिला हर्ट्झचा नियम नेहमी लागू पडत नाही. तालमीलाच दोन-तीन शटर लावून बघायचं.

वीज

डब्यातली बॅटरी पूर्ण कार्यक्रमाला पुरेल असं धरून चालू नका. माहितीपत्रकातला ‘सलग रेकॉर्डिंग’चा आकडा झूम न हलवता काढलेला असतो. चार्जरवर लावूनही रेकॉर्डिंग चालतं का हे विचारा, आणि चालत असेल तर बॅटरी आतच राहू द्या. वीज गेली तर ती सांभाळून घेते. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. तिथे दोन मोठ्या बॅटऱ्या, एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायर जमिनीला चिकटवायची टेप बरोबर हवी.

कोणकोणत्या मॉडेल्सची तुलना करावी

सोनी एचडीआर-सीएक्स४०५ हा वर्षानुवर्षं पहिला हँडीकॅम म्हणून घेतला गेला. हलका, ३० पट झूम, पण १/५.८ इंची सेन्सर आणि माइक-हेडफोनची जागा नाही. घरच्या कामाला ठीक, स्टेजला नाही. पॅनासॉनिक एचसी-व्ही७८५ फुल एचडीच आहे, मात्र १/२.३ इंची सेन्सर, २० पट झूम आणि माइक-हेडफोन दोन्ही आहे. कमी खर्चात स्टेजचं काम करायचं असेल तर मी हाच शोधेन. सोनी एएक्स४३ आणि एएक्स५३ ४के, लेन्स दोघांचीही तीच. एएक्स५३ ला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे, जो उन्हातल्या पालखीला किंवा क्रीडामहोत्सवाला फार उपयोगी पडतो. कॅननच्या एचएफ जी७० मध्येही २० पट झूम, ४के आणि व्ह्यूफाइंडर, शिवाय कार्डासाठी दोन खाचा: एक भरलं की दुसऱ्यावर, किंवा दोन्हीवर एकदम. ज्या मंडळाचा कार्यक्रम पुन्हा होणार नाही त्यांना ती दुसरी प्रत लाखमोलाची. एएक्स७०० एक इंचीवाला. जवळ बसायला मिळत असेल तर चित्र सर्वात देखणं.

यातली काही मॉडेल्स आता जुन्या साठ्यात किंवा सेकंडहँडच मिळतात.

ऑनलाइन खरेदीत ‘४के कॅमकॉर्डर, ४८ मेगापिक्सेल, १८एक्स झूम’ अशी अनोळखी नावांची स्वस्त यंत्रं पुष्कळ दिसतील. बारीक अक्षरं वाचा. झूमच्या आधी ‘डिजिटल’ असेल तर त्यात ऑप्टिकल झूम नाही, आणि ४के ही बहुधा लहान चित्र फुगवून केलेली असते. वीस मीटरवरून तुमचा फोन त्याच्यापेक्षा चांगलं काम करेल. शाळेच्या वर्गणीचे पैसे अशा यंत्रात घालवू नका.

सेकंडहँड

मिनी-डीव्ही कॅसेटवाला कॅमेरा फक्त घरच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायलाच घ्या, आणि त्यासाठी फायरवायर (कॉम्प्युटरला जोडायची जुनी पद्धत) जोडणी चालू आहे ना ते तपासा. डीव्हीडी किंवा आतल्या हार्डडिस्कवर लिहिणारे कॅमेरे टाळा.

बाकी कुठलाही घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, त्यातून किनारपट्टीला, कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास लागते; साफ करायला लेन्स उघडावी लागते, म्हणून सौदा सोडा. पडदा उघड-मीट करताना चित्र लुकलुकलं तर आतली वायर कमकुवत झाली आहे. एएक्स५३ सारख्या कॅमेऱ्यात बंद असताना हलवल्यावर लेन्स आत डुलते, खुळखुळ ऐकू येतो. तो मात्र बिघाड नव्हे, त्याची स्टॅबिलायझरची रचनाच तशी तरंगती आहे.

दुकानात अर्धा तास मागून घ्या

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात, किंवा तुमच्या शहरात जिथे कॅमेरे हाताळू देतात तिथे, स्वतःचं व्ही३० कार्ड, हेडफोन आणि साधा क्लिप माइक घेऊन जा.

१. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीवर पूर्ण झूम करा. झूम हळू सरकतो का, मध्ये अडखळतो का, अक्षरं किती वेळात स्पष्ट होतात, ते पाहा.

२. ट्यूबलाइटखाली एक मिनिट रेकॉर्ड करा.

३. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेरा रोखा, मग झटकन दाराकडच्या उजेडाकडे वळवा. सावरायला किती वेळ लागतो ते बघा.

४. माइक जोडा, हेडफोन लावा, सोबत्याला कुजबुजायला आणि मग ओरडायला सांगा. आवाजाची लेव्हल हाताने बदलून बघा.

५. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स हाताने लॉक करायला किती वेळा बोट लावावं लागतं, ते मोजा. मेन्यूच्या चौथ्या पानावर दडलेली सोय चालू नाटकात हाताशी येत नाही.

६. चार्जर लावून रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग चार्जरची पिन काढा. रेकॉर्डिंग चालू राहिलं पाहिजे.

दुकानाच्या छोट्या पडद्यावर निर्णय घेऊ नका. कार्ड घरी आणून टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर बघा आणि दुसऱ्या दिवशी पैसे द्या.

पहिल्या कार्यक्रमाआधी

परवानगी आधी. व्यावसायिक नाटकांत शूटिंग चालत नाही; हौशी प्रयोगातही लेखक आणि संस्था यांना विचारा, आणि यूट्यूबवर टाकायचं असेल तर ते वेगळं विचारा. लहान मुलांच्या कार्यक्रमात पालकांना आणि शाळेला.

रंगीत तालमीला जा, तिथेच एक्स्पोजर आणि आवाज ठरतात. प्रयोगाच्या दिवशी तासभर आधी पोचा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तारीख-वेळ लावा, डिजिटल झूम बंद आहे ना पाहा. तिसऱ्या घंटेला नाही, दुसरीलाच रेकॉर्डिंग चालू करा. झूम कमीत कमी हलवा. प्रवेश बदलतो तेव्हा चौकट बदला.

घरी आल्यावर कार्डातला सगळा फोल्डर जसाच्या तसा दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. एव्हीसीएचडीमध्ये फक्त व्हिडिओच्या फाइली उचलल्या तर लांब टेकच्या जोडणीची माहिती मागे राहते. दोन्ही प्रती शेवटपर्यंत चालवून बघा आणि मगच कार्ड पुसा. कॅमेरा ठेवताना बॅटरी काढा, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जून ते सप्टेंबर त्या पुड्या ओलावा धरतात, म्हणून महिन्याला बदला.